बिनब्रेकच्या गाडीचे शिक्षण: काटोल मार्गावरील स्पीडवे वर्ग

नागपुरात दुचाकी चालवायला शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत. परंतु गाडी मुद्दाम घसरवायला शिकवणारा वर्ग माझ्या पाहण्यात एकच आहे. काटोल मार्गावर फेटरी ओलांडल्यानंतर एका शेतजमिनीवर मातीची लंबवर्तुळाकार धावपट्टी तयार केलेली असून हिवाळ्याच्या महिन्यांत तिथे स्पीडवे या शर्यतप्रकाराचे प्राथमिक शिक्षण दिले जाते. शनिवारी सायंकाळी धरमपेठेतील एका सभागृहात चित्रफिती आणि आकृत्यांच्या साहाय्याने व्याख्यान होते, तर रविवारी उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत धावपट्टीवर सराव होतो, आणि हा क्रम चार आठवडे चालतो. मी हा वर्ग पूर्ण केला असून तो कोणी करावा, त्यात काय मिळते आणि काय राहून जाते, हे येथे सविस्तर नोंदवत आहे.

वर्गाचे वेगळेपण त्याच्या अभ्यासक्रमाच्या मांडणीत आहे. तंत्राचे सुटे सुटे धडे देण्याऐवजी वर्गचालकांनी न्यूझीलंडचा विश्वविजेता आयव्हन मेजर याची कारकीर्द आधाराला घेतली आहे आणि तिच्यातील एकेका टप्प्यावर एकेका आठवड्याचा विषय बेतला आहे. ही निवड मला अतिशय योग्य वाटली. स्पीडवेची वैयक्तिक विश्वविजेतेपदे मेजरच्या नावावर ६ आहेत आणि लाँग ट्रॅक या लांब धावपट्टीवरच्या भावंडप्रकाराची ३. परंतु त्याची निवड योग्य ठरते ती या आकड्यांमुळे नव्हे. उपजत धाडसाच्या बळावर जिंकणाऱ्या खेळाडूची कारकीर्द पाहून डोळे दिपतात, पण तिच्यातून शिकवण्याजोगे फारसे हाती लागत नाही. मेजर तयारीच्या बळावर जिंकणारा होता, आणि तयारी ही गोष्ट शिकवता येते.

१९३९ साली ख्राइस्टचर्च येथे जन्मलेला मेजर वयाच्या सतराव्या वर्षी, १९५७ मध्ये, पत्नी रे हिच्यासह इंग्लंडला गेला. विम्बल्डनच्या संघात त्याच्या वाट्याला मोजक्याच शर्यती आल्या आणि त्याला मायदेशी परतावे लागले. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील धावपट्ट्यांवर स्वतःला घडवून तो १९६३ मध्ये पुन्हा इंग्लंडला आला, तो न्यूकॅसल संघाकडून खेळण्यासाठी. आणि त्यानंतर पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे तो पहिल्यांदा विश्वविजेता झाला. पुढच्या वर्षी लंडनच्या वेम्बलीवर आणि १९७० मध्ये पोलंडमधील व्ह्रोत्स्वाफ येथे त्याने हे पद राखले. लागोपाठ तीन वर्षे विश्वविजेता होणारा तो पहिलाच स्पर्धक. तिसरे विजेतेपद मिळाल्यास गाडी सोन्याने मढवून देऊ, असा शब्द अमेरिकेतील दोन चाहत्यांनी त्याला दिला होता आणि तो त्यांनी पाळला.

पहिल्या व्याख्यानातील माझी तक्रार येथेच आहे. सोन्याने मढवलेल्या त्या गाडीचे चित्र पडद्यावर बराच वेळ राहिले आणि १९५७ ते १९६३ ही सहा वर्षे दोन वाक्यांत आटोपली. वर्गात बसलेली बहुतेक मुले विशीतली होती. त्यांच्यापैकी काहींनी रस्त्यावरच्या शर्यतींचा नाद सोडून रीतसर शिकण्यासाठी शुल्क भरले होते. परदेशातून नाकारला गेलेला एक मुलगा दुसऱ्यांदा जाण्याआधी काय करतो, हे त्यांना सोन्याच्या मुलाम्यापेक्षा अधिक उपयोगी पडले असते. वर्गचालकांनी हा भाग वाढवावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

त्याच व्याख्यानातला प्राथमिक परिचयाचा भाग मात्र नेटका होता. स्पीडवेची गाडी ५०० सीसीची आणि एकाच सिलिंडरची असते. तिला गिअर एकच असतो, ब्रेक मुळीच नसतात, इंधन मिथेनॉल असते आणि नियमानुसार वजन किमान ७७ किलो भरावे लागते. एका शर्यतीत चार स्पर्धक चार फेऱ्या मारतात, सगळी वळणे डावीकडची असतात, आणि पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला शून्य गुण मिळतो. एक शर्यत साधारण मिनिटभरात संपते. मेजरच्या काळातील अंतिम स्पर्धेत १६ जण उतरत, प्रत्येकाला पाच शर्यती मिळत, म्हणजे एकूण २० शर्यती होत आणि एकाला जास्तीत जास्त १५ गुण मिळवता येत. सगळे एकाच रात्रीत ठरत असल्यामुळे एखादी सुरुवात चुकली तर वर्षभराची मेहनत वाया जात असे.

"सर, ब्रेकच नाही त गाडी थांबन कशी?" हा प्रश्न मागच्या रांगेतून आला, आणि त्याला दिलेले उत्तर या वर्गातील उत्तम शिक्षणाचा नमुना होते. प्रशिक्षकांनी आधी सुरक्षिततेची बाजू मांडली: चार गाड्या हाताच्या अंतरावर धावत असताना पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचे तिघे त्याच्यावर आदळतील, कोणाकडेच ब्रेक नसल्यामुळे हा धोका उरत नाही. मग त्यांनी यंत्राची बाजू सांगितली. मिथेनॉल इंजिनात शिरताना भरपूर उष्णता शोषून घेते, त्यामुळे पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनापेक्षा कितीतरी जास्त दाबगुणोत्तर (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबले जाते त्याचे प्रमाण) ठेवता येते, आणि एवढ्या दाबाचे इंजिन थ्रॉटल बंद करताच स्वतःच गाडीला ओढून धरते. वळणात तर आडवे झालेले मागचे चाक मातीवर घासत वेग खाते. म्हणजे ज्या घसरण्याची नवशिक्याला भीती वाटते, तेच त्याला वळवते आणि तेच त्याचा वेगही आवरते.

दुसऱ्या दिवशी पहाटे याचा प्रत्यक्ष अनुभव देण्यात आला. वर्गातील गाड्या २०० सीसीच्या, साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या, आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्याच आहेत. त्यांचा पुढचा ब्रेक काढून टाकलेला आहे. मागचा नवशिक्यांसाठी ठेवलेला असून दुसऱ्या आठवड्यानंतर त्याचे पेडल बांधून ठेवतात. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, त्यामुळे ते नवशिक्यांच्या हाती न देण्याचा निर्णय शहाणपणाचा आहे. डाव्या बुटावर बांधायचा लोखंडी तळ लोहाराकडून घडवून घेतलेला असतो आणि तो प्रत्येकाच्या मापाने मिळतो. आधी जमिनीवर ठेवलेल्या पिंपाभोवती सावकाश वर्तुळे काढायची, मग डावा पाय पुढे टाकून गाडी कलती करायची, आणि त्यानंतर थ्रॉटल वाढवून मागचे चाक बाहेर जाऊ द्यायचे, असा क्रम आहे. चाक बाहेर गेले की हँडल उजवीकडे वळवावे लागते, आणि गाडी मात्र डावीकडे जात राहते. येथे भीतीपोटी थ्रॉटल एकदम सोडला तर मागचे चाक अचानक पकड घेते आणि चालक वर फेकला जातो. म्हणून 'घाबरलात तरी थ्रॉटल सोडायचा नाही, हळूच कमी करायचा' हे वाक्य प्रशिक्षक प्रत्येकाच्या कानाशी येऊन सांगत होते, आणि ते त्यांनी कधी ओरडून सांगितले नाही.

दुसरा आठवडा शर्यतीच्या सुरुवातीच्या तंत्राचा. माझ्या मते या एका आठवड्यासाठीही वर्गाचे शुल्क वसूल होते.

स्पीडवेमध्ये सुरुवातीच्या रेषेवर आडवी ताणलेली फीत वर उडते आणि शर्यत सुरू होते. पहिल्या वळणाआधी पुढे गेलेल्याच्या चाकाची माती मागच्यांच्या तोंडावर येते, आणि चारच फेऱ्यांत ती तूट भरून काढणे फार कठीण असते. मेजर सुरुवातीचा बादशहा मानला जाई. ही त्याची जादू नव्हती, हे वर्गात टप्प्याटप्प्याने दाखवले जाते. क्लच कुठे पकडतो ते बोटांना अचूक ठाऊक असले पाहिजे. मागचे चाक टेकवायची जागा आधी पाहून ठेवली पाहिजे, कारण आधीच्या शर्यतींनी तिथे चर पडलेला असतो आणि तो कधी उपकारक तर कधी घातक असतो. पुढचे चाक उचलले जाऊ नये म्हणून शरीराचा भार पुढे हवा, पण तो इतकाही पुढे नको की मागचे चाक जागच्या जागी फिरत राहील. फितीला स्पर्श झाला तर स्पर्धक बाद होतो, म्हणून अंदाजाने झेप घेऊन चालत नाही. शिवाय स्पर्धेत प्रत्येकाला आतल्या, बाहेरच्या आणि मधल्या अशा सर्व जागांवरून सुरुवात करावी लागते, आणि दर काही शर्यतींनंतर मातीची अवस्था पालटलेली असते.

या वर्गात फितीच्या जागी ताणलेली रबरी पट्टी वापरतात आणि ती सोडणारा माणूस मुद्दाम वेळ बदलत राहतो. प्रत्येक सुरुवातीआधी गाडीवरून उतरून रेषेवर चालत जायचे, बुटाने माती दाबून पाहायची आणि आपण चाक कुठे ठेवणार हे मोठ्याने सांगायचे, हा नियम आहे. प्रारंभी मुलांना ते कंटाळवाणे वाटत होते. परंतु दुसऱ्या तासाला तीच मुले एकमेकांशी मातीच्या ओलाव्याबद्दल वाद घालू लागली, तेव्हा अभ्यासक्रमाची मांडणी किती विचारपूर्वक केली आहे हे लक्षात आले. गाडी पुसून, साखळी तपासून, प्रत्येक नट हाताने पाहिल्याशिवाय धावपट्टीवर येऊ दिले जात नाही. ही शिस्त मेजरच्या नावाने शिकवली जाते आणि ते सार्थ आहे. चकचकीत गाडी, नीटनेटका पोशाख आणि तयारीतला काटेकोरपणा यांसाठी तो ओळखला जाई, आणि स्पीडवेला पूर्ण वेळेचा व्यवसाय मानून वागणाऱ्या पिढीचा तो अग्रणी होता.

तिसऱ्या शनिवारचे व्याख्यान १९७१ ते १९७३ या वर्षांवर होते आणि ते मला सर्वांत सरस वाटले. मेजरकडे प्रशिक्षण घेतलेला डेन्मार्कचा ओले ओल्सेन याने १९७१ मध्ये गोथेनबर्गला गुरूलाच मागे टाकून विश्वविजेतेपद मिळवले. १९७२ मध्ये वेम्बलीवर मेजर आणि स्वीडनचा बर्न्ट पर्सन यांचे गुण सारखे झाले, आणि निर्णायक जादा शर्यतीत मेजर जिंकला. पुढच्याच वर्षी पोलंडमधील होझूवच्या प्रचंड स्टेडियममध्ये, लाखभर प्रेक्षकांसमोर, पुन्हा गुण सारखे झाले; या वेळी समोर येझी श्चाकिएल हा स्थानिक स्पर्धक होता. जादा शर्यतीत मेजर मागे पडला, पुढे जाण्याच्या प्रयत्नात त्याची गाडी श्चाकिएलच्या मागच्या चाकाला लागली आणि तो पडला. पोलंडला पहिला विश्वविजेता मिळाला. व्याख्यात्याने या दोन जादा शर्यती शेजारी शेजारी मांडल्या आणि मुलांना विचारले की दुसऱ्या वेळी मेजरने काय करायला हवे होते. कोणी म्हणाले वाट पाहायला हवी होती; कोणी म्हणाले चारच फेऱ्या असताना वाट पाहणे म्हणजे हार मानणे. व्याख्यात्याने आपला निर्णय दिला नाही, चर्चा मात्र पुरेशी लांबू दिली. रविवारी दोन-दोन गाड्यांच्या शर्यती लावून बाहेरून आणि आतून पुढे जाण्याचा सराव घेतला, तेव्हा आदल्या दिवशीची ती चर्चा सगळ्यांच्या डोक्यात होती आणि मागचा चालक पुढच्याच्या चाकापासून अंतर राखत होता. व्याख्यान आणि सराव यांची सांधेजोड याहून चांगली क्वचितच होऊ शकेल.

आता उणिवेकडे वळतो, आणि ती मोठी आहे. चौथ्या आठवड्याचा विषय लाँग ट्रॅक हा होता. मेजरच्या कारकिर्दीचे अर्धे मोठेपण येथे दडलेले आहे, असे माझे ठाम मत आहे. १९७१ मध्ये लाँग ट्रॅकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि तिचा पहिला विजेता मेजर होता. १९७२ मध्ये जर्मनीतील म्यूलडॉर्फ येथे त्याने ती पुन्हा जिंकली आणि १९७६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील मारियान्स्के लाझ्ने येथे तिसऱ्यांदा. म्हणजे १९७२ या एकाच वर्षात दोन्ही प्रकारांचा विश्वविजेता तोच होता. असा पराक्रम पुढे १९८४ मध्ये डेन्मार्कच्या एरिक गुंडरसनने केला.

या जोड-विजेतेपदाचे मोल कळायचे असेल तर दोन खेळांतील अंतर समजावून सांगायला हवे. स्पीडवेची धावपट्टी तीनशे-चारशे मीटरच्या आसपास असते. लाँग ट्रॅकची १००० मीटरपर्यंत जाते आणि जर्मनीत ती अनेकदा घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर असते. गाडीची चौकट लांब असते, मागे स्प्रिंग असतात, दोन गिअर असतात. ब्रेक तिथेही नसतातच. सरळ भागात वेग स्पीडवेपेक्षा कितीतरी जास्त चढतो आणि वळण लांबलचक असल्यामुळे घसरण बराच काळ, अगदी समतोल राखून धरावी लागते. स्पीडवेचा चालक झटपट आणि तीव्र कोनात वळतो. लाँग ट्रॅकवर तीच सवय वेग मारते. एका आठवड्यात एक शरीर-सवय आणि दुसऱ्या आठवड्यात नेमकी तिच्या उलट सवय अंगी बाणवणे, शिवाय सुरुवातीच्या रेषेवर अधिक गाड्यांच्या गर्दीत उभे राहणे, हे मेजरने वर्षानुवर्षे केले.

वर्गात यातले फारच थोडे आले. फेटरीच्या जागेवर मोठी धावपट्टी होऊ शकत नाही हे उघड आहे आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. परंतु व्याख्यान तरी भरघोस हवे होते. दोन्ही गाड्यांच्या चौकटींच्या आकृत्या शेजारी शेजारी दाखवल्या असत्या, लांब वळणातील हँडलचा कोन आणि आखूड वळणातील कोन यांची तुलना केली असती, तरी पुरेसे होते. ओल्सेनने १९७३ मध्ये लाँग ट्रॅकही जिंकली. लाँग ट्रॅकचा तीन वेळचा विजेता असलेला जर्मनीचा एगॉन म्यूलर १९८३ मध्ये घरच्या नॉर्डेन येथे स्पीडवेचाही विश्वविजेता झाला. इंग्लंडच्या सायमन विगने लाँग ट्रॅकची पाच विजेतेपदे मिळवली, पण स्पीडवेत त्याला १९८९ मधील दुसऱ्या क्रमांकापलीकडे जाता आले नाही. एवढी तीन उदाहरणे घेतली तरी दोन कौशल्ये एकमेकांना कुठे साहाय्य करतात आणि कुठे अडतात, यावर उत्तम तास झाला असता. प्रत्यक्षात त्या संध्याकाळचा मोठा भाग प्रमाणपत्रांच्या वाटपात गेला.

कारकिर्दीचा उत्तरार्धही घाईत उरकला. १९७४ मध्ये स्वीडनच्या आंडर्स मिखानेकच्या मागे दुसरा राहिलेल्या मेजरला संपला असे समजणे सोपे होते. पण १९७७ मध्ये गोथेनबर्गच्या पावसात तो पाचव्यांदा जिंकला आणि १९७९ मध्ये, चाळिशीला महिनाभर उरला असताना, सहा वर्षांपूर्वी जिथे पडला होता त्याच होझूवमध्ये सहाव्यांदा. त्याच वर्षी न्यूझीलंडने सांघिक विश्वविजेतेपदही मिळवले आणि त्या संघातही तो होता. आमच्या वर्गात चाळिशीपुढचे आम्ही काहीजण होतो. वय वाढल्यावर चालकाने कोणत्या गोष्टी बदलाव्यात, ताकदीची जागा अंदाजाने कशी भरून काढावी, हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नव्हता. स्वीडनच्या टोनी रिकार्डसनने आणि अलीकडे पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकने सहा विजेतेपदांची बरोबरी केली. मात्र १९९५ पासून विश्वविजेता वर्षभराच्या मालिकेतून ठरतो, तर मेजरची सहाही विजेतेपदे एकेका रात्रीत मिळालेली आहेत. मालिकेत सातत्याची कसोटी लागते आणि एका रात्रीत मनाच्या स्थैर्याची. या दोहोंची तुलना कशी करावी यावर मुले नक्कीच बोलली असती.

धावपट्टीविषयी थोडे. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे वर्गचालकांनी तिच्यावर मुरमाचा थर दाबून वर सुरखी पसरली आहे. टँकरने पाणी मारून ट्रॅक्टरमागे ओढलेल्या लोखंडी पाट्याने ती दर काही फेऱ्यांनी सारखी केली जाते. पकड एकसारखी आणि विश्वासार्ह आहे. बाहेरच्या कडेला जुने टायर आणि त्यांच्यापुढे तणसाच्या गठ्ठ्यांची भिंत आहे; दुसऱ्या वळणावर मात्र ती विरळ वाटली आणि तिथेच बहुतेक जण बाहेर जातात. चालक पडताच इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी प्रत्येकाला सक्तीची आहे, हे फार चांगले. प्रथमोपचाराची पेटी आणि प्रशिक्षित माणूस हजर असतो, परंतु रुग्णवाहिका मैदानावर उभी नसते, फोन करून बोलवावी लागते. शहरापासून इतक्या अंतरावर हे मला मान्य नाही. शुल्क थोडे वाढवावे लागले तरी चालेल, पण रविवारच्या सकाळी ती तिथे असलीच पाहिजे. हेल्मेट आणि गुडघ्याची ढाल वर्गाकडून मिळते. हातमोजे व घोट्यापर्यंतचे बूट स्वतःचे आणावेत.

एकूण शुल्क एका बऱ्यापैकी हेल्मेटच्या किमतीएवढे आहे आणि त्यात गाडी, इंधन, सराव व सकाळचे तर्री-पोहे येतात. रस्त्यावर गाडी नीट चालवता येणाऱ्या आणि आठवडाभर अंग दुखले तरी चालेल अशी तयारी असणाऱ्या कोणालाही मी हा वर्ग सुचवीन. फक्त वेगाची हौस भागवायची असेल त्याने येऊ नये, कारण पहिला रविवार बहुतांशी सायकलच्या वेगाने वर्तुळे काढण्यातच जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ आहे. मार्चनंतर सकाळी नऊलाच धावपट्टी धुळीची होते आणि पाणी मारूनही टिकत नाही. प्रवेशाच्या वेळी चौथ्या आठवड्याच्या व्याख्यानाचा आराखडा मागून घ्यावा. लाँग ट्रॅकवर स्वतंत्र संध्याकाळ ठेवण्याचे आश्वासन वर्गचालकांनी आमच्या तुकडीला दिले आहे, आणि ती ठेवली गेली तर त्या एका व्याख्यानासाठी वेगळे शुल्क भरून मी पुन्हा जाईन.